इंद्रधनु सर्प : एका दडून राहणाऱ्या जलचराची हकीकत

शेतकऱ्याचा व सर्पाचा सहवास नांगराइतका जुना आहे. परंतु या सहवासांत ओळख मात्र फार थोडी असते. बांधावर, विहिरीच्या कपारींत किंवा ओढ्याच्या कांठीं जनावर दिसलें कीं, त्याची जात कोणती, तें खातें काय, त्यास विष आहे कीं नाहीं, ही चौकशी होण्यापूर्वींच काठी उगारली जाते. ज्याच्याशीं पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार आहे त्या प्राण्याविषयीं इतकें अज्ञान असणें सुज्ञ शेतकऱ्यास शोभणारें नाहीं, व हिताचेंही नाहीं.

प्रस्तुत लेखांत एका परदेशीय जलसर्पाचें वर्णन करावयाचें योजिलें आहे. हा सर्प अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या आग्नेय भागांत राहतो. आपल्या देशांत तो नाहीं. तरी त्याची निवड करण्यास कारण आहे. या प्राण्याचा संसार तीन जागीं विभागलेला आहे : अंड्यांसाठीं कोरड्या वाळूची जमीन, पिलांसाठीं उथळ व संथ पाणी, आणि मोठ्यांसाठीं समुद्रापर्यंत मोकळी वाहणारी नदी. या तिहींपैकीं एक जागा बिघडली म्हणजे उरलेल्या दोन चांगल्या असूनही त्याचा निभाव लागणें कठीण. जमीन व पाणी यांचा उपभोग घेणाऱ्या प्रत्येक खातेदारानें ध्यानांत ठेवण्याजोगी ही गोष्ट आहे.

नांव व रूप

शास्त्रज्ञ या सर्पास फरान्शिआ एरिट्रोग्रामा असें म्हणतात. यांतील दुसरें पद ग्रीक भाषेंतून आलें असून त्याचा अर्थ 'तांबडी रेघ' असा आहे. तेथील लोकांत तो इंद्रधनुष्याच्या नांवानें प्रसिद्ध आहे, व तें नांव त्यास खरोखरच शोभतें. पाठ निळसर झांक असलेली काळी कुळकुळीत. तीवर मानेपासून शेपटीपर्यंत गेलेल्या तीन तांबड्या रेघा. कुशींवर पिवळसर छटा. पोट तांबूस, व त्यावर काळ्या ठिपक्यांच्या ओळी. खवले अगदीं गुळगुळीत असतात. उन्हांत धरला असतां त्याच्या काळ्या पाठीवर निळ्या-जांभळ्या रंगांच्या लहरी खेळतात. हे रंग रंगाऱ्याच्या रंगासारखे अंगांत मुरलेले नसतात. पाण्यावर तेलाचा थेंब पसरला म्हणजे त्यावर जसे रंग उमटतात, तसाच हा प्रकार आहे. खवल्यांच्या पृष्ठभागाची रचना अतिसूक्ष्म असल्यामुळें प्रकाश फुटून ते दिसतात.

पूर्ण वाढलेला सर्प सामान्यतः तीन ते चार फूट लांब असतो. साडेपांच फुटांपर्यंत लांबी भरल्याचीही नोंद आहे. मादी नरापेक्षां मोठी होते. डोकें लहान असून मानेपासून फारसें निराळें दिसत नाहीं. शेपटीच्या टोंकाशीं एक कठीण अणकुची असते. या अणकुचीनें त्या बिचाऱ्यावर किती बालंट आणलें, तें पुढें सांगूं.

असा भडक रंगाचा प्राणी सहज नजरेस पडावा असें वाटतें. प्रत्यक्षांत तो फारच विरळा दिसतो. तो बहुधा रात्रीं हिंडतो. दिवसा पाणवनस्पतींच्या गुंत्यांत, बुडालेल्या लांकडांखालीं किंवा कांठच्या वाळूंत शिरून राहतो. त्याचा मुलूख म्हणजे मेरीलंड व व्हर्जिनियापासून खालीं फ्लॉरिडापर्यंत व पश्चिमेस लुइझियानापर्यंत पसरलेली समुद्रालगतची सखल भूमि. तेथील पुष्कळ नद्यांचें पाणी कुजलेल्या पाल्याच्या अर्कानें चहासारखें काळपट झालेलें असतें; त्यांत काळ्या पाठीचा प्राणी हातभर अंतरावर असला तरी दिसत नाहीं. समुद्राच्या भरतीचें मचूळ पाणी जेथें शिरतें तेथेंही तो आढळतो. नदीकांठीं जन्म घालविलेल्या माणसासही हा सर्प आयुष्यांत एखादे वेळीं दिसला तर दिसला.

भक्ष्य : समुद्रांतून येणारा अहीर

मोठ्या इंद्रधनु सर्पाचें अन्न जवळजवळ एकच आहे, व तें म्हणजे अहीर मासा. सापासारख्या लांबट, बुळबुळीत अंगाचा हा मासा हातांत ठरत नाहीं हें कोळी लोकांस ठाऊक आहेच. परंतु हा सर्प त्यास पाण्यांत पकडून, बहुधा डोक्याकडून, जिवंतच गिळतो. अंगाचा विळखा घालून किंवा विषानें भक्ष्य मारण्याची सोय त्याच्याजवळ नाहीं. त्याचीं पिलें मात्र अहीर खाऊं शकत नाहींत. तीं बेडकांचे डिंभ व तत्सम लहान जलचर खाऊन वाढतात.

आतां या अहिराचा जन्मवृत्तांत पाहिला पाहिजे, कारण सर्पाचें नशीब त्यांत गुंतलेलें आहे. रावस व साल्मन यांची गल्लत होऊं नये म्हणून एवढेंच सांगतों कीं, साल्मन मासा समुद्रांत वाढतो व अंडीं घालण्यास नदींत चढतो. अहिराचा क्रम याच्या अगदीं उलट आहे. तो नदींत वाढतो व अंडीं घालण्यास समुद्रांत जातो. अटलांटिक महासागरांत सारगासो नांवाचा, तरंगत्या शेवाळानें व्यापलेला एक भाग आहे. युरोपांतील व अमेरिकेंतील अहीर त्याच भागांत जन्म घेतात, हें डेन्मार्कच्या योहानेस श्मिट या शास्त्रज्ञानें विसाव्या शतकाच्या आरंभीं कित्येक वर्षें समुद्र धुंडाळून दाखविलें. तेथें जन्मलेलीं पानासारखीं चपटीं पिलें प्रवाहाबरोबर वाहत किनाऱ्याकडे येतात, कांचेसारखीं पारदर्शक होतात व नदीमुखांतून आंत शिरतात. पुढें कित्येक वर्षें तीं नद्यांत, तळ्यांत व दलदलींत काढतात. वाढ पूर्ण झाली म्हणजे डोळे मोठे होतात, अंगावर रुपेरी झांक येते, आणि तो अहीर नदी उतरून शेकडों मैल दूर असलेल्या जन्मस्थानाकडे निघतो. तेथें अंडीं घातल्यावर त्याचें आयुष्य संपतें. अमेरिकन अहिरास खूण लावून सोडल्यावर तो सारगासो समुद्रापर्यंत पोंचल्याचें २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें.

आपल्या सह्याद्रींतून उगम पावणाऱ्या नद्यांतही अहीर आहे, व तोही समुद्रांतच जन्मून नदींत येणारा आहे. म्हणजे डोहांत गळाला लागलेला अहीर हा त्या गांवचा मूळ रहिवासी नसून समुद्रांतून चढत आलेला उपरी आहे. नदीचें खालचें व वरचें पाणी एकमेकांस जोडलेलें असेल तरच तो येणार.

शेपटीचा कांटा व ऐकीव साक्ष

इंद्रधनु सर्पास हातांत धरलें असतां तो चावत नाहीं. सुटकेसाठीं धडपडतो, आणि शेपटीचें अणकुचीदार टोंक हाताला रुतवितो. तें टोंक कातडींत घुसत नाहीं, त्यांत विष नाहीं, व त्यापासून इजाही होत नाहीं. निसटतें भक्ष्य आवरण्यास त्याचा उपयोग होत असावा असा तर्क आहे. परंतु या एवढ्याशा अणकुचीवरून या सर्पास व त्याच्या जवळच्या नात्यांतील चिखल-सर्पास 'नांगी मारणारा साप' अशी ख्याति मिळाली. त्यावर दुसरें कवच चढलें तें असें कीं, हा साप शेपूट तोंडांत धरून चाकासारखा घरंगळत मनुष्याच्या पाठीस लागतो, व मनुष्य झाडामागें लपला तर नांगी झाडांत रुतून झाड वाळून जातें.

ही कथा किती जुनी आहे हें जॉन लॉसन याच्या १७०९ सालच्या कॅरोलायनावरील पुस्तकावरून दिसतें. लॉसन हा जमिनीच्या मोजणीचें काम करणारा गृहस्थ. डोळ्यांनीं पाहून लिहिणारा. त्यानेंही शेपटीच्या घावानें हातभर जाडीचें नव्हे, परंतु दंडाएवढ्या जाडीचें एक हिरवेंगार झाड एका दिवसांत वाळल्याची हकीकत नमूद केली आहे. मात्र असे सर्प आपण स्वतः दोनच पाहिले, व झाडाची गोष्ट इतरांनीं सांगितलेली, हेंही त्यानें सांगितलें आहे. पाहिलेलें व ऐकिलेलें हीं त्यानें निराळीं ठेविलीं. वाचणारांनीं तीं एक केलीं. अदालतींत ऐकीव साक्ष ग्राह्य धरीत नाहींत. परंतु सर्पाचा खटला निघाला कीं चावडीवर तीच एक साक्ष पुरेशी होते.

आपण हंसण्याचें कारण नाहीं. आपल्याकडे धामण गाई-म्हशींच्या पायांस विळखा घालून दूध पिते, किंवा शेपूट नाकपुडींत घालून गुरूं मारते, असें सांगणारे प्रत्येक गांवीं भेटतील. सापाच्या ओठांची व जिभेची रचना चोखण्याची नाहीं. त्यामुळें दूध पिण्याची गोष्ट अशक्य आहे. धामण गोठ्याच्या आसपास येते ती उंदरांसाठीं, व त्या उपकाराबद्दल मार खाऊन जाते.

अंडीं, पिलें व नांगरट

हा सर्प पाण्यांत राहणारा असला तरी अंडीं पाण्यांत घालीत नाहीं. उन्हाळ्याच्या मध्यास मादी पाण्याबाहेर येऊन कांठच्या वाळूसर जमिनींत कांहीं इंच खोल खळगा करते व त्यांत बहुधा वीसपासून पन्नासपर्यंत अंडीं घालते. कांहीं माद्या अंड्यांपाशीं वेटोळें करून राहिलेल्या आढळल्या आहेत. शरदाच्या सुमारास अंडीं फुटतात व सुमारें आठ इंच लांबीचीं, आईसारख्याच रंगाचीं पिलें निघतात.

येथें एक नवल आहे. पाण्यांत राहणाऱ्या जातीचीं हीं पिलें जन्मतांच पाण्याकडे धांवत नाहींत. दक्षिण कॅरोलायनांत सॅव्हाना नदीजवळ व्हिट गिबन्स व त्यांचे सहकारी यांनीं तळ्यांभोंवतीं पत्र्याचें बुटकें कुंपण घालून, त्याच्या कडेनें जमिनींत बादल्या पुरून ठेविल्या. तळ्याकडे जाणारा प्राणी कुंपणाला अडून कडेकडेनें सरकतो व बादलींत पडतो. या साध्या युक्तीनें, दृष्टीस न पडणाऱ्या या सर्पाचीं पिलें सांपडलीं, व १९७७ सालीं त्यांनीं त्याच्या जीवनक्रमावर लेख प्रसिद्ध केला. त्यावरून असें दिसून आलें कीं, पिलें पहिला हिंवाळा जमिनींतच काढतात व वसंत ऋतूंत पाण्यांत उतरतात. त्या वेळीं तळ्यांत बेडकांचे डिंभ भरपूर असतात. म्हणजे पिलांचें जाणें आणि त्यांच्या अन्नाची सुगी यांचा मेळ बसलेला असतो.

याचा अर्थ असा कीं, वर्षांतील कित्येक महिने या जलसर्पाची पुढील पिढी पाण्यांत नसून कांठच्या शेतांत, वीत-दोन वीत मातीखालीं असते. वाळूसर शेतें नांगरतांना फाळाबरोबर हे सर्प वर आल्याच्या नोंदी आहेत. पाण्याच्या अगदीं कडेपर्यंत नांगर नेला, किंवा कांठची वाळू उपसून नेली, तर नदी जशीच्या तशी वाहत असूनही त्यांतील सर्प नाहींसे होऊं शकतात.

बांधाचा परिणाम

कांठाचें जें, तेंच प्रवाहाचें. नदीवर उंच बांध पडला म्हणजे अहिराचीं कोंवळीं पिलें वर चढूं शकत नाहींत, व मोठे अहीर समुद्राकडे उतरतांना जलविद्युत्‌ यंत्रांच्या पात्यांत सांपडून मरतात. बांध, अति मासेमारी व इतर कारणांनीं अमेरिकन अहीर इतका घटला कीं, जगांतील प्राण्यांच्या स्थितीची यादी ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघानें २०१४ सालीं त्यास संकटग्रस्त ठरविलें. ज्याचें अन्न एकच, त्या सर्पावर याचा परिणाम काय होईल हें सांगणें नको.

याची दुसरी बाजूही आहे. व्हर्जिनियांतील रॅपहॅनॉक नदीवरचा एंब्री बांध जुना व निरुपयोगी झाल्यामुळें २००४ सालीं पाडण्यांत आला. त्यानंतर शेनँडोआ डोंगरांतील ओढ्यांत, म्हणजे बांधाच्या जागेपासून कित्येक मैल वर, अहिरांची संख्या वाढल्याचें २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत दिसून आलें. इंद्रधनु सर्प त्या डोंगरी ओढ्यांत राहत नाहीं. परंतु नदी मोकळी झाली तर अहीर परत येतो, एवढें यावरून सिद्ध झालें. बांध घालूंच नये असें प्रतिपादन येथें नाहीं. पाण्यावांचून शेती नाहीं हें कोणा शेतकऱ्यास शिकवावयाचें? परंतु निरुपयोगी बांध काढून टाकणें, व उपयोगी बांधास माशांची वाट ठेवणें, या दोन्ही गोष्टी होण्यासारख्या आहेत व कित्येक ठिकाणीं झाल्याही आहेत.

'नाहीं' असा शेरा

दक्षिण फ्लॉरिडांत फिशईटिंग क्रीक नांवाचा प्रवाह ओकीचोबी या विशाल सरोवरास पश्चिमेकडून मिळतो. १९२८ सालच्या तुफानांत हें सरोवर फुटून हजारों माणसें बुडालीं. त्यानंतर सरोवराभोंवतीं मोठा बांध घालण्यांत आला. फक्त या एका प्रवाहाच्या मुखाशीं तो खुला आहे. याच प्रवाहांत मिळालेल्या अवघ्या तीन सर्पांवरून विल्फ्रेड नील यानें १९६४ सालीं इंद्रधनु सर्पाची एक निराळी पोटजात वर्णन केली. तिच्या पोटावर काळा रंग अधिक असतो. १९५२ नंतर या पोटजातीचा सर्प कोणास मिळाला नाहीं. आणि २०११ सालच्या आक्टोबरांत अमेरिकेच्या वन्यजीव खात्यानें ती नष्ट झाल्याचें जाहीर केलें.

यावर सर्परक्षणाचें काम करणाऱ्या मंडळींनीं हरकत घेतली. त्यांचें म्हणणें असें कीं, पुरेसा शोध न घेतांच हा निर्णय देण्यांत आला. जो प्राणी असतांनाही दिसत नाहीं, त्याच्याविषयीं तो दिसला नाहीं एवढ्यावरून निकाल देतां येत नाहीं. जिवंत सर्पाचा पुरावा आणणारास त्यांनीं पांचशें डॉलरांचें बक्षीस जाहीर केलें.

महसूल खात्यांत हयात घालविलेल्या प्रस्तुत लेखकास या वादाचें मर्म सहज कळतें. पीकपाहणीच्या कागदावर 'पडीक' हा शेरा सारख्याच अक्षरांत दिसतो. पण तो बांधावर उभें राहून लिहिला कीं चावडींत बसून लिहिला, यावर त्याची किंमत ठरते. आणि एकदां पडलेला शेरा पुसणें किती अवघड, हें ज्या खातेदारांनीं तालुक्याचे हेलपाटे घातले आहेत त्यांस ठाऊक आहे. खातेदार निदान अर्ज तरी करूं शकतो. सर्पाचें नांव कमी झालें तर त्याच्या वतीनें अर्ज करणारा कोणी नसतो. उलट, जें उरलेंच नाहीं त्याचें रक्षण कशासाठीं करावयाचें, असें म्हणून त्याच्या ओढ्याकडे पाहण्याचेंही सोडून देतात.

२०२० सालच्या फेब्रुवारींत याच फ्लॉरिडा संस्थानाच्या मध्यभागीं, ओकाला राष्ट्रीय अरण्यांत, वाटेनें चालणाऱ्या एका व्यक्तीस सुमारें चार फूट लांबीचा इंद्रधनु सर्प उघड्यावर दिसला. हा नष्ट ठरविलेल्या पोटजातीचा नसून सर्वसामान्य जातीचा होता. तथापि त्या जिल्ह्यांत १९६९ नंतर त्याची नोंद झाली नव्हती. अर्धशतक कागदावर रिकामें राहिलेलें स्थळ प्रत्यक्षांत रिकामें नव्हतें. दक्षिणेकडील प्रवाहांत ती पोटजात असेलच असें यावरून ठरत नाहीं. परंतु 'दिसलें नाहीं' व 'नाहीं' या दोन शेऱ्यांत केवढें अंतर आहे, तें यावरून चांगलें कळतें.

आपल्या पाण्यांतील सर्प

आपल्या विहिरींत, भातखाचरांत व तळ्यांत नेहमीं दिसणारा जलसर्प म्हणजे दिवड, यासच कित्येक ठिकाणीं विरोळा म्हणतात. पिवळसर अंगावर काळ्या चौकड्या व डोळ्याखालीं दोन तिरप्या काळ्या रेघा, ही त्याची खूण. तो डिवचला असतां फणकाऱ्यानें चावतो, परंतु बिनविषारी आहे. मासे व बेडूक हें त्याचें अन्न. त्याचीं अंडींही पाण्याजवळच्या बिळांत असतात; म्हणजे इंद्रधनु सर्पाप्रमाणेंच त्यासही पाणी व कांठ दोन्ही लागतात. दिवड व धामण या दोहोंसही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे.

मात्र पाण्यांतला प्रत्येक साप निरुपद्रवी, असाही उलटा ग्रह करून घेऊं नये. कोंकण किनाऱ्यावर कोळ्यांच्या जाळ्यांत येणारे समुद्रसर्प, ज्यांची शेपटी वल्ह्यासारखी चपटी असते, ते अतिशय विषारी आहेत. ओळख हवी ती याचसाठीं : ज्यास भ्यावयाचें त्यास भ्यावें, व ज्यास सोडावयाचें त्यास सोडावें.

तात्पर्य

या हकीकतीवरून आपल्या शेतकरी बंधूंनीं पुढील गोष्टी ध्यानांत घ्याव्या, अशी विनंति आहे.

१. ओढ्याच्या किंवा तळ्याच्या कांठाची थोडी पट्टी न नांगरतां तशीच राखावी. तिच्या गवतानें मातीही धरून राहते, व जमिनींत अंडीं घालणाऱ्या जलचरांसही जागा मिळते.

२. जनावर दिसतांच मारूं नये. दूर उभें राहून त्याचा रंग, खुणा व चाल पाहावी. घरांत किंवा गोठ्यांत शिरलें असल्यास वन खात्यास अथवा जाणत्या सर्पमित्रास बोलवावें.

३. दंश झाल्यास ओळखीच्या वादांत व मांत्रिकाच्या दारांत वेळ न दवडतां रोग्यास तडक सरकारी दवाखान्यांत न्यावें. सर्पविषावरील लस तेथें मिळते.

४. आपल्या गांवच्या पाण्यांत कोणते मासे, कोणते सर्प व कोणते पक्षी दिसतात याची दिवस, स्थळ व खूण यांसह वहींत नोंद ठेवावी. अहीर पूर्वीं कोठपर्यंत चढत असे व आज कोठपर्यंत चढतो, हें वृद्ध कोळ्यांस विचारून लिहून ठेविलें तर तें पुढें मोलाचें होईल. नोंद करतांना स्वतः पाहिलेलें एका रकान्यांत व ऐकिलेलें दुसऱ्या रकान्यांत लिहावें. ज्याचा माग आपण ठेविला नाहीं, तें नाहींसें झालें कीं केवळ दडून राहिलें, हें मागून कोणासही सांगतां येणार नाहीं.